दळवी मॅडमच्या हाताखाली

हल्ली आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत अधूनमधून कुणीतरी मोठा माणूस येऊन करिअरवर भाषण देतो. पडद्यावर चित्रं असतात, शेवटी टाळ्या असतात. मी मागच्या रांगेत बसते आणि माझ्या डोक्यात दळवी मॅडम सुरू होतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात ठाणे-बेलापूर रोडवरच्या आमच्या केमिकल फॅक्टरीत त्या वर्क्स मॅनेजर होत्या. त्या पदावर दुसरी बाई आम्ही तरी पाहिली नव्हती. किस्से इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा ढकलाढकली करत पुढे येतो!

*

माझा इंटरव्ह्यू. मी केमिकल इंजिनिअर, आणि मला प्लांटच चालवायचा होता. पर्सोनेल ऑफिसर म्हणाले, कायद्याने बायकांना रात्रपाळी नाही, तेव्हा तुम्ही आपल्या लॅबमध्ये बसा. लॅब म्हणजे जन्मभर काचेच्या नळ्या धुणं. माझा चेहराच उतरला. तेवढ्यात कोपऱ्यात गप्प बसलेल्या मॅडमनी विचारलं, "आपला रिअॅक्टर दिवसा बंद असतो का हो?"

मला ट्रेनी म्हणून घेतलं. नवीन युनिट उभं राहत होतं. ते मी दिवसपाळीत सुरू करून दाखवायचं. जमलं तर युनिट माझं, नाही तर नळ्या आहेतच.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी मला पाइपलाइनचं ड्रॉइंग काढून आणायला सांगितलं. मी उन्हातून, चिखलातून, पार खाडीकडच्या कुंपणापर्यंत पाइपांमागे हिंडले. संध्याकाळी ड्रॉइंग टेबलावर ठेवलं, तर मॅडमनी ते उघडलंसुद्धा नाही. वाकून माझ्या पायांकडे पाहिलं. चपला काळ्या चिखलाने माखल्या होत्या.

"म्हणजे गेली होतीस. उद्यापासून बूट घाल."

माझ्या आधीच्या ट्रेनीने जुन्या ड्रॉइंगची छान नक्कल करून दिली होती म्हणे. त्याचे बूट चकाचक होते. तो पुढे सेल्समध्ये गेला, आणि तिथे त्याचं उत्तम चाललं.

*

मुंबईच्या हेड ऑफिसातले डायरेक्टर एसीत बसून टार्गेट वाढवायचे. एकदा तर त्यांनी कमालच केली. बाकीचे मॅनेजर वाद घालत बसले. मॅडम म्हणाल्या, जरूर, फक्त हे पोरांना प्लांटमध्ये वर येऊन तुम्हीच सांगा. डायरेक्टर टाय सारखा करून निघाले. मे महिना, लोखंडी जिना, खालून वाफ. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी टाय सोडला, तिसऱ्यावर टार्गेट!

"वरच्यांना नाही म्हणायचं नसतं," मॅडम मला नंतर म्हणाल्या. "त्यांना जिना चढवायचा असतो."

*

वाशीत तेव्हा बिल्डिंगा कमी आणि चिखल जास्त. तिथल्या तरुण मंडळाने मॅडमना यशाचं रहस्य सांगायला बोलावलं. पोरं वह्या-पेनं घेऊन बसली होती. मॅडम उभ्या राहिल्या, "वेळेवर कामाला जा आणि वेळेवर घरी या," म्हणाल्या आणि बसल्या. अध्यक्ष हात जोडून म्हणाले, मॅडम, आणखी थोडं? मॅडम पुन्हा उठल्या. "दुसरं जास्त अवघड आहे."

*

हा किस्सा सांगताना मला आजही भरून येतं. नामदेव म्हात्रे आमचा ऑपरेटर, घणसोली गावचा. त्याच्या घरची शेती कारखान्यांच्या पट्ट्यात गेली होती. गावातल्या विहिरीचं पाणी बिघडल्याची तक्रार त्याने अनेकदा केली, आणि साहेब लोकांनी दर वेळी पाणी तपासतो म्हणून त्याला वाटेला लावलं. शेवटी तो मॅडमच्या केबिनमध्ये शिरला. "बाय, आमच्या बावीच्या पान्याला वास हाय. सांगून सांगून कंटालो."

मॅडम तशाच उठल्या आणि त्याच्याबरोबर गावात गेल्या. मीही होते. विहिरीवर त्यांनी पेला मागून घेतला, भरला आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत पिऊन टाकला. मग पोट बिघडून त्या घरी पडल्या. परत आल्या त्या थेट प्लांटमध्ये. ड्रेनेजची गळकी लाइन दुरुस्त होईपर्यंत त्यांनी प्लांट बंद ठेवला. हेड ऑफिसचा फोन आला, तक्रारीचा पुरावा काय म्हणून. मॅडम म्हणाल्या, "मी प्यायलेय."

*

आणि माझ्या युनिटचा दिवस. आतली रिअॅक्शन अशी तापट, की थंड पाणी वेळेवर फिरलं नाही तर स्फोटच व्हायचा. डायरेक्टर मंडळी हार-नारळ उरकून लांब फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मी पॅनेलपाशी उभी. मला बघून त्यांच्यात कुजबुज झाली. एक जण पुढे आला आणि मॅडमना म्हणाला, आज एखाद्या सीनियर माणसाला करू द्या, या मुलीला पुढे बघू. पुढे म्हणजे कधीच नाही, हे मला कळत होतं.

मॅडमनी मला विचारलं, "सगळं तपासलंस?"

"हो."

"स्वतः?"

"हो, मॅडम."

त्यांनी नामदेवला ऑफिसातून खुर्ची आणायला सांगितली. त्याने ती युनिटच्या दाराशी ठेवली. मॅडमनी ती उचलून अगदी रिअॅक्टरला लागून ठेवली आणि बसल्या. पाठ रिअॅक्टरकडे, तोंड डायरेक्टरांकडे. मग पिशवीतून डबा काढून मांडीवर उघडला.

"भूक लागलीय मला," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तू सुरू कर."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, आणि मी व्हॉल्व्ह उघडला.