निळ्या गाडीची आंघोळ

खोबरेल तेलाचा वास आला, की कुणाला आईने घातलेली वेणी आठवते, कुणाला दिवाळीची पहाट; मला मात्र डांबर आठवतं! हसू नका. कार्तिकातल्या एका सकाळी मी माझ्याच माणसाला दुखावलं होतं, आणि त्या वासाच्या सोबतीनेच ते निस्तरलं.

गाडी आमची, नवरा-बायकोची, पहिलीच. गडद निळी, पाऊस सरल्यावरच्या निरभ्र आभाळासारखी. आदल्या दिवशी कसाऱ्याचं काम उरकून किन्हवलीजवळच्या सासरी येताना महामार्गावरच्या ताज्या डांबराचे शिंतोडे दारांच्या खालच्या अंगाला चिकटले; पुढे दिवेलागणीला भातखाचरांतून दिव्यांकडे झेपावणारे असंख्य किडे बॉनेटवर आपटून तिथेच सुकले. म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी अंगणात घसघस ऐकू आली. अप्पा, माझे सासरे, धोतर खोचून, ओल्या पेंढ्याचा बोळा घेऊन बॉनेट घासत होते! ओठांवर हलकी शीळ. याच शिळेवर, याच पेंढ्याने त्यांनी आयुष्यभर ओढ्यावर बैल धुतले. तिरप्या उन्हात निळाईवर गोल गोल ओरखडे चमकले आणि माझा तोल गेला. "अहो अप्पा, गाडी म्हणजे काय बैल आहे?"

कुठून सुचला मला तो शब्द! त्यांचे गुडघे थकले म्हणून आम्हीच हट्टाने बैलजोडी विकायला लावली, त्याला वर्षही झालं नव्हतं. अप्पा बोळा बादलीत टाकून पायरीवर जाऊन बसले. दुपारी ते आमच्याबरोबर मुरबाडला राहायला येणार होते. कितीतरी दिवस मनधरणी केल्यावर मिळालेला तो होकार! आता मात्र म्हणाले, "तुमी जा. मी नाय येत."

काय करावं सुचेना, तेव्हा माणूस हाताला काम लावतो, नाही का? गाडी सावलीत घेतली. किड्यांवर ओलं फडकं पसरून ठेवलं. थोड्या वेळाने ते आपसूक सुटून आले. डांबर मात्र हटेना. मी नख लावलं, तशी पायरीवरून हाक आली.

"नखाने नको गो. फणसाचा चीक कशाने काढतेस?"

खरंच की! मी खोबरेल तेलाची बाटली आणि जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतले. "माझे हात खरबरीत." मग मीच त्यांच्या बोटांना ते मऊ कापड गुंडाळलं. डांबरावर तेल लावायचं, थांबायचं, मग अलगद टिपायचं. घाई करायचीच नाही. काळा डाग विरघळून कापडावर उतरू लागला, तसे अप्पा खाली बघतच म्हणाले, "बैलाला लागलं तर तो अंग थरथरवतो. आपण हात हलका करतो. ही मुकी. मला कळलंच नाय."

मला तरी कुठे कळलं होतं? मी सकाळी शब्दाने जे मन घासलं, तेही थरथरलं नव्हतं. निमूटपणे पायरीवर जाऊन बसलं होतं. मला रडू आलं. "अप्पा, चुकलं माझं."

त्यांनी कापड उलटून पाहिलं. मग म्हणाले, "दुसरं फडकं दे. हे मळलंय."

साबणाच्या पाण्याने तेल धुऊन काढेपर्यंत उन्हं डोक्यावर आली. डांबर गेलं, ओरखडे राहिले. मी निरोपाचा चहा ठेवायला वळले, तर अप्पा आतून पिशवी घेऊन बाहेर आले, कुणी काही न विचारता. गाडीत बसण्याआधी त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, खोबरेलाच्या वासाचा, अगदी हलका, आणि पुटपुटले, "चल गो, बाय माझी."

ते मला म्हणाले की गाडीला, हे मी अजून विचारलेलं नाही.