ओल्या जटा

आमच्या शेडमध्ये लोकर कातरण्यात कानफाट्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दिवसाला दीडशे मेंढ्या, आणि एकीच्याही कातड्याला ओरखडा नाही. माझ्या नव्वद व्हायच्या, त्यातल्या चार-पाच रक्ताळलेल्या. चाळीस वर्षं हेच काम केलं, म्हणून आकडे सांगतो.

नाव पडलं ते डाव्या कानामुळे. त्याचा वरचा तुकडा नव्हता. लहानपणी काही चुकलं की बाप त्याला गुडघ्यांत दाबून मेंढ्या कातरायच्या यंत्राने भादरायचा. एकदा पोर हललं आणि कान गेला. बाप मेला त्या दिवसापासून त्याने डोक्याला कातर लावू दिली नाही. पुढे जटा वळायला घेतल्या. दोन वर्षांत त्या खांद्यावर आल्या. कोणी गमतीने हात लावला तर तो आधी मारायचा, मग कोण आहे ते बघायचा.

कामातही तसाच. एका नव्या गड्याने ओली लोकर गाठोड्यात भरली. ओली लोकर आतून तापते आणि कुजते. कानफाट्याने त्याचे दोन दात पाडले आणि रक्त पुसायच्या आधी गाठोडं सोडायला लावलं.

मग त्याच्या डोक्यात कोंडा झाला. खांद्यांवर पीठ सांडल्यासारखं दिसायचं. गिरणीत लागलास का, असं आम्ही विचारायचो, तेही चार हात लांब उभं राहून. धुतलं तर जटा सुटतील म्हणून तो पंधरा-पंधरा दिवस डोकं धुवायचा नाही. कोरडं पडलंय म्हणून तेल चोपडायचा. तेलाने खपल्या धरल्या. त्या तो कंगव्याच्या दात्यांनी खरवडायचा आणि मानेवर रक्त यायचं. धुतलंच तर सकाळी धुवायचा आणि ओल्या जटा टोपीत कोंबून कामाला यायचा. वास येऊ लागला.

एका सोमवारी व्यापाऱ्याच्या तपासनिसाला लोकरीत खपल्या सापडल्या. मेंढ्यांना खरूज आहे असं समजून त्याने सगळा माल परत पाठवला. मुकादमाने कानफाट्याला सर्वांसमोर सांगितलं की पुढच्या सोमवारी डोकं साफ दिसलं नाही तर तो स्वतः यंत्र फिरवणार.

त्या संध्याकाळी त्याची ताई शेडवर आली. ती रुग्णालयात आया होती. तिने टोपी काढली, वास घेतला आणि त्याच्या थोबाडीत दिली.

"ओली लोकर बांधली म्हणून लोकांचे दात पाडतोस," ती म्हणाली, "आणि हे काय बांधून ठेवलंयस?"

त्याने मान खाली घातली. मग तिने पद्धत शिकवली. तेल बंद. औषधी शाम्पू पाण्यात पातळ करून निमुळत्या तोंडाच्या बाटलीत भरायचा. दोन जटांमधल्या ओळीत, फक्त कातडीवर सोडायचा. बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. पाच मिनिटं थांबायचं. फेस जाईपर्यंत पाणी, मग एकेक जट टॉवेलमध्ये पिळून उन्हात वाळवायची, गाभ्यापर्यंत. आठवड्यातून दोनदा. उतार पडायला सहा आठवडे लागतील, असं ती म्हणाली. त्याच्याकडे सात दिवस होते.

त्याने दोन्ही वेळा चोख केलं. कोंडा निम्मा झाला. खपल्या राहिल्या.

सोमवारी मुकादमाने टोपी उडवली, बघितलं आणि आम्हा चौघांना खूण केली. कानफाट्याने कोपराने एकाचं नाक फोडलं, दुसऱ्याचा अंगठा हाडापर्यंत चावला. त्याला आडवं पाडताना त्याचं डावं मनगट कडकन मोडलं. मी उजवा पाय धरला होता. नोकरी होती, म्हणून धरला. मुकादम छातीवर बसला आणि त्याने यंत्र सुरू केलं. दोन जटा गेल्या. त्यांच्याबरोबर कातडी सोलली आणि रक्त डोळ्यांत उतरलं.

कानफाट्या ओरडला नाही. निपचित पडला. उताणी केलेली मेंढी अशीच पडते. मी पाय सोडला.

त्याचा गुडघा मुकादमाच्या पाठीत बसला. मुकादम पुढे कोसळला तो चालू यंत्रावर दुसरा हात टेकूनच. दोन बोटं लोकरीत पडली.

मालकाने दोघांनाही काढलं.

तिसऱ्या आठवड्यात कानफाट्याने मला घरी बोलावलं. मार बसेल हे धरून गेलो. मनगट प्लास्टरमध्ये होतं, ताई कामावर होती. त्याने बाटली माझ्या हातात दिली आणि मोरीत पाटावर माझ्याकडे पाठ करून बसला. कातडी गुलाबी झाली होती. खपल्या फक्त मागे होत्या, जिथे त्याचा एक हात पोचत नव्हता.

निम्मं डोकं झालं.

"उजवा पाय तुझ्याकडे होता."

मी हो म्हणालो.

"नखं लावू नकोस," तो म्हणाला. "आणि खालच्या तीन ओळी राहिल्यात."

राहिल्या होत्या. त्या धुतल्या. मग अडतीस जटा एकेक करून पिळल्या. वाळायला चार तास लागले. मी थांबलो.