मसुराएवढी गाठ

"अच्छा, हलू नकोस," असं म्हणून समोरच्या बाईंनी चिमटा ओढला आणि राजमा केकाटला. मांडीवरून रक्त आलं. बघता बघता तिथली कातडी लाल होऊन फुगली, मग ओठ सुजले, मग डोळे मिटायला लागले. तो तिथंच बागेत ओकला. बाईंच्या हातातला चिमटा रिकामा होता.

"आक्का, किलनीच होती ना?" त्या म्हणाल्या.

मी मटार सोलत होते. चष्मा चढवून वाकले आणि बघितलं. किलनी म्हणजे आपली गोचीड. गुरांच्या गोचिडी काढण्यात माझं लहानपण गेलंय. गोचिडीला पाय असतात. ह्याला नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "उठा."

राजमा हा त्यांचा कुत्रा, रंगानं राजम्यासारखा. मी मुलाकडे नोएडाला आले तेव्हा आमच्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या या एकच बाई. करोल बागेत वाढलेल्या, त्यामुळे बोलता बोलता हिंदीत शिरायच्या. ज्यांचे हात गप्प बसत नाहीत अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई त्यातल्या. हिवाळ्याच्या उन्हात मटार सोलायच्या, ते संपले की राजमाच्या अंगावर किलन्या शोधायच्या. माणसांनाही सोडत नसत. एकदा सोसायटीच्या अध्यक्षाशी पाण्यावरून कडाक्याचं भांडण चाललं होतं. भांडता भांडता त्या त्याच्या स्वेटरवरचे लोकरीचे गोळे खुडायला लागल्या. तो मध्येच "थँक्यू" म्हणाला आणि भांडणातला जीवच गेला.

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगते. पण बाईंचा नवरा गेलेला, मूल नाही. राजमा गेला असता तर त्या घरात बाईंशी बोलायला भिंती उरल्या असत्या. मटार तिथंच टाकले आणि फाटकाकडे पळाले. या गुडघ्यांनी पळाले.

पहिला रिक्षावाला सुजलेलं तोंड बघून निघून गेला. दुसऱ्यानं विचारलं, चावेल का?

"ये नहीं काटेगा, मैं काटूँगी," बाई म्हणाल्या आणि आत चढल्या.

राजमाचं डोकं त्यांच्या मांडीवर, बूड माझ्या. रिक्षा मेट्रोच्या खांबांखालून सुटली. बाई त्याच्या नाकाशी हात धरून श्वास बघत होत्या, मी रिक्षावाल्याला आणखी जोरात, आणखी जोरात म्हणत होते. खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. अंगात इतकी तरतरी कित्येक वर्षांत आली नव्हती.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं आधी इंजेक्शन दिलं आणि मग चौकशी केली. सूज उतरायला लागल्यावर म्हणाली, ही किलनी नाही, गाठ आहे. काही गाठी दाबल्या-ओढल्या की आतलं सगळं अंगभर सोडतात, तसं झालं. हे ऐकून बाईंनी राजमाच्या फासळीवरची दुसरी गाठ दाखवली, चांगली लिंबाएवढी. त्यांना धास्ती होती ती हिची. रोज मिठाच्या पुरचुंडीनं शेकायच्या.

डॉक्टरणीनं दोन्हींत सुई घातली, सुईतलं काचेच्या पट्टीवर घेतलं आणि आत जाऊन बघून आली. मोठी गाठ नुसती चरबी. मांडीवरची, मसुराएवढी, ती वाईट.

"पर वो तो इतनी सी है," बाई म्हणाल्या.

"छोटी है, तभी बचेगा. हाथ से पता नहीं चलता आंटी, सुई से चलता है."

पुढं ऑपरेशन झालं. गाठीभोवतीचं चांगलं मांसही धरून कापलं. राजमा गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून दारांवर आपटत फिरायचा. तपासणीत सगळी गाठ निघाल्याचं कळलं त्या दिवशी बाईंनी गाजराचा हलवा केला आणि ज्या अध्यक्षाशी भांडल्या होत्या त्यालाही नेऊन दिला.

दुसरी कुणी असती तर कुत्र्याला हात लावायची बंद झाली असती. बाई उलट्या. चिमटा ठेवला, पण मी चष्म्यातून पाय बघून हो म्हटल्याशिवाय ओढायचं नाही. आणि रविवारी सगळ्या सोसायटीच्या कुत्र्यांवरून हात फिरवायला लागल्या. मापं सगळी स्वयंपाकघरातली. "मागच्या वेळी मसूर होती, आता मटार झालीय. दाबू नका, शेकू नका, सुई लावून आणा." पोरंटोरं त्यांना डॉक्टर आंटी म्हणून चिडवायची. त्यांचे आईबाप हसायचे आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप कुत्र्याला घेऊन जायचे. बहुतेकांची चरबीच निघायची. तरी बाई पुढच्या रविवारी हजर.

गेल्या उन्हाळ्यात बाई झोपेतच गेल्या. राजमा भुंकत राहिला म्हणून दार उघडलं. सगळं आटोपल्यावर तो आमच्या उंबऱ्यात येऊन बसला. मुलगा म्हणाला, आई, तुला कुत्री आवडत नाहीत ना? म्हटलं, अजूनही नाही आवडत. पाण्याचं भांडं आण.

आता मटार आलेत. उन्हात बसते, सोलून झाले की चष्मा लावते आणि मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवते. तो हलत नाही. लिंबू आहे तेवढंच आहे, मांडीवर केस उगवले नाहीत, बाकी काही लागत नाही.

त्या दिवशी रिक्षात आम्ही तिघं होतो. त्यातले मी आणि राजमा आहोत.