पाईक पुढं घ्या

आमच्या ह्यांचं नाव जळबा. नाव घ्यायला मला लाज न्हाई. लग्नात साऱ्या गावासमोर उखाण्यात घेतलं, आता काय झाकायचं? कुरुंदा ते वसमत काळी-पिवळी जीप चालवतात. सरळ माणूस. इतका सरळ की आपल्यालाच राग यावा. एखादी बाई गाडीत छत्री विसरली तर भरली जीप उभी करून तिच्या दारात नेऊन देतील, अन् मागं खोळंबलेले पासिंजर शिव्या मला देतील. असल्या माणसानं त्या साली जे केलं ते मला काही केल्या उमगेना.

भूकंपाच्या पुढच्या साली हे लातूरकडं गेले, घरं बांधणाऱ्या एका इटलीच्या सायबाची गाडी चालवायला. येताना सायबानं दिलेली लोखंडी पेटी घेऊन आले. मला वाटलं भांडी असतील. उघडून पाहते तर शिशाची माणसं! बोटाच्या पेराएवढी, रंगवलेली, शेकड्यानं. कोणाच्या हातात लांब भाला, कोणाच्या बंदूक, कोणी घोड्यावर, अन् चिमुकल्या तोफा. सायबाच्या मुलखात पाचशे वर्षांमागं झालेल्या लढाया मेजावर मांडून खेळायच्या म्हणे. टेपानं मोजून फौज सरकवायची, फासा टाकायचा, कोण मेलं अन् कोण पळालं ते त्यावरून ठरवायचं. मी म्हणलं, लेकरं शाळेत गेली अन् बाप घरी बाहुल्या खेळून राहिला. हे नुसते हसले.

खेळायला गडी मिळाला तो संतरामभाऊ. वरच्या आळीतले, हळदीचे शेतकरी, बायको वारलेली. त्या आळीतलं दुसरं कोणी आमच्या घरी घोटभर पाणी पिलं न्हाई. तोंडावर गोड बोलतील, उंबरा वलांडणार न्हाईत. भाऊ पहिल्याच दिवशी चुलीपुढं येऊन बसले अन् भाकरी मागून खाल्ली. माझ्या ह्यांना साऱ्या गावात मित्र म्हणावा असा तेवढा एकच.

भाऊंचं शेतात घर हाय, आमच्याकडं त्याला आखाडा म्हणतात. त्याला लागून हळदीचं टिनाचं शेड. हळद विकली की ते मोकळं. तिथं विटांवर जुनी दारं टाकून दोघांनी बाजंपेक्षा मोठं, बुटकं मेज केलं होतं. दर पावसाळ्यात दोघं तिथं. दोन हजार चार साली मात्र कहर केला. पेटीतलं एकूण एक माणूस काढून एकच मोठी लढाई मांडली.

त्याच साली पोळ्याला भाऊंचा मुलगा स्वप्निल पुण्याहून आला. बापाचे गुडघे गेलेले, एकटा माणूस, करून घालणारं कोणी न्हाई. तो न्यायलाच आला होता. भाऊ म्हणले, मांडलेली लढाई संपू दे, संपली की येतो. पोरगं हसलं, त्याला थट्टा वाटली. पण भाऊंचा शब्द मंजे शब्द. इकडं लढाई संपली की तिकडं भाऊ चालले, हे साऱ्यांना ठाऊक झालं.

अन् तवापासून ह्यांना सायबाचे नवेनवे नियम आठवायला लागले. लढाई रंगात आली, आता एक फौज मोडणार, की हे हात वर करायचे. थांबा, दारू भिजलीय, आज बंदुका चालत न्हाईत. दुसऱ्या बारीला घोडे तहानलेले. एकदा तर म्हणले, आज रविवार, सायबाच्या मुलखात रविवारी लढत न्हाईत. नियमाची किताब सायबाच्या भाषेत, ती वाचणारा आमच्या तालुक्यात कोण? मी ह्यांच्या तोंडाकडं पाहत राहायची. छत्री परत देणारा माणूस खेळात कशापायी लबाडी करतो? एवढं जिंकून मिळणार काय होतं, शिशाचं घोडं? एकदा विचारलं तर ताट सारून उठून गेले.

भाऊंनी लई दिवस सोसलं. मग एकदा त्यांचा जिंकलेला डाव ह्यांनी असाच काढून घेतला, तसे ते म्हणले, जळबा, तू लबाड हायस. झालं! दोघांचं बोलणं बंद. आता शहाणी माणसं असती तर खेळबी बंद केला असता. पण न्हाई. बोलणं बंद अन् लढाई चालू. रोज दुपारी जीप आखाड्यावर उभी, दोघं दोन बाजूंना तोंड फुगवून बसलेले. मला तर हसावं का रडावं कळेना.

त्यात मी अडकले ती अशी. गुडघ्यांमुळं भाऊंना त्या बुटक्या मेजावर वाकता येत न्हाई. आधी त्यांची फौज हेच सरकवायचे. अबोला धरल्यावर ते कसं व्हावं? मग मी जेवणाचा डबा घेऊन गेले की मलाच बसवायला लागले. भाऊ खुर्चीवरून काठीनं दाखवायचे, वहिनी, त्यो घोडा इकडं, ही तोफ तिकडं, अन् मी उचलून ठेवायची. टेप ह्यांनी धरायचा. एकमेकांना काही सांगायचं तर तेबी माझ्यामार्फत. मी ह्यांना समजावलं, त्यांना समजावलं. दोघांचं एकच, आधी त्यानं बोलावं.

दसरा जवळ आला होता, लढाई आज ना उद्या संपणार. रुसून गेलेला माणूस पुण्यातून कशाला परत येतोय? मेलेल्यापायी रडता तरी येतं. हे तर बोलणारेबी न्हाईत अन् रडणारेबी न्हाईत, नुसती जीप चालवत बसतील. भाऊ जाण्याआधी ह्या दोघांनी एकदा तोंडानं बोलावं, एवढंच मला पाहिजे होतं.

त्या दिवशी भाऊंचा डाव होता. बाहेर शेळ्या हळदीत शिरल्या म्हणून ते दाराकडं तोंड करून हाकलत होते. काठी तिकडंच. मागं न पाहताच मला म्हणले, "वहिनी, सगळे पाईक पुढं घ्या."

मी घेतले. पाईक मंजे काय हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या विहारात दर सभेत ऐकते मी, आपण चळवळीचे पाईक. पाईक मंजे पायी चालणारा, निशाणामागं जाणारा साधा माणूस. तवा भालेवाले घेतले, बंदूकवाले घेतले, ढोलवाला घेतला. तोफेपाशी उभे होते तेबी उचलले. सगळे म्हणले ना? मग मागं कोणाला ठेवायचं?

भाऊ वळले अन् त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सायब त्या लांब भाल्याला इंग्रजीत पाईक म्हणायचा, अन् ह्या दोघांच्या तोंडी तोच शब्द. फक्त भालेवाले न्यायचे होते. मी तोफा उघड्या टाकल्या, निशाण उघडं टाकलं. अन् वीतभर अंतरावर ह्यांचे घोडे. निशाण पडलं की लढाई संपली, अन् ठेवलेलं माणूस मागं घ्यायचं न्हाई, हा सायबाचा खरा नियम. मनातल्या मनात म्हणलं, बाई, तुझ्या अकलेनं भाऊंची फौज बुडाली.

आता ह्यांचा डाव. फासा हातात. हे फासा घोळवून राहिले, टाकेनात. भिजलेल्या दारूचं नाव न्हाई, रविवारचं न्हाई, कोणताच नियम आठवेना. मी भाऊंकडं पाहते, भाऊ ह्यांच्याकडं पाहून राहिले. मग भाऊच बोलले, मला न्हाई, सरळ ह्यांना.

"जळबा, काहून बसला? टाक ना."

ह्यांनी मान वर केली न्हाई. "टाकला की संपलं. मग तू जाशील."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. अन् मी ह्या माणसाला लबाड समजून बसले होते! बावीस वरसं एका ताटात जेवून मला एवढं कळू नये, ह्याची चीड आली.

भाऊ काठी टेकून उठले. गुडघे धरून कण्हत कण्हत खाली बसले, ह्यांच्या बाजूला, ह्यांच्याच फौजेच्या अंगाला.

"न्हाई टाकला तरी जावं लागणारच हाय रे. ह्या पायांनी एकटा किती दिवस काढू? पण बोलून जाऊ दे."

ह्यांनी डोळे पुसले अन् फासा टाकला. मग भाऊंनी विचारलं, जीप उद्यापासून दुपारची कुठं उभी राहील. हे म्हणले, पुण्याला गाडी कुठून कुठून जाते ते पाहावं लागंल. तिथून दोघं जे सुरू झाले ते एकमेकांचं ऐकूनबी घेईनात. फासा काय पडला ते दोघांनीबी पाह्यलं न्हाई. मी पाह्यलं, पण मला त्यातलं काय कळतंय.