चार नंबरच्या पलंगाची नोंद

वॉर्डातल्या आयांमध्ये मावशी सगळ्यात जुन्या. बावीस वर्षं त्यांनी पेशंटना पुसलं, भरवलं, कुशीवर वळवलं; वहीत लिहायची वेळ मात्र कधी आली नव्हती. मग नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांना मराठी बोलता यायचं, वाचता नाही. हुकूम सुटला, आयांनीही नोंदी लिहायच्या, त्याही इंग्रजीत. मावशींनी घरी जाऊन सुनेला गाठलं.

सुनेने भाजी निवडता निवडता शिकवायला घेतलं. "आई, पुरुष असला की 'ही', बाई असली की 'शी'."

"आणि वयाने मोठा असला तर?"

"तरी 'ही'च."

"काहीतरीच! सत्तरीच्या माणसाला अरे-तुरे?"

मावशींचं मन काही धजेना. चार नंबरच्या पलंगावर ड्रायव्हरकाका होते, उजवा हात लुळा पडलेला. त्यांच्या नावापुढे मावशींनी आदराने 'ही'ऐवजी अनेकवचनी 'दे' लिहिलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "चार नंबरवर किती जण झोपतात?"

सिस्टर पोट धरून हसल्या. "मावशी, तुम्ही मान दिलात, बाईंना गर्दी दिसली!"

हसण्यावारी गेलं ते, पण काकांचं प्रकरण साधं नव्हतं. त्यांना घरी सोडायचं की कायमचं शुश्रूषागृहात ठेवायचं, हे शुक्रवारी ठरणार होतं. काकूंचे गुडघे गेलेले. काका निदान आपल्या हाताने जेवले, तरच घर.

त्याच आठवड्यात सुनेने 'हिमसेल्फ' शिकवला. "हे आत्मवाचक सर्वनाम. ज्याचं त्यानेच केलं, दुसऱ्या कुणी नाही." शाळेत मावशींनी हे घोकलं होतं; अर्थाकडे तेव्हा कुणाचं लक्ष होतं?

गुरुवारी दुपारी सुपाची वाटी ठेवून त्या खिडकी लावायला गेल्या. वळून बघतात तर काय, काकांच्या उजव्या हातात चमचा! अर्धं सूप छातीवर सांडलं, अर्धं तोंडात गेलं. मावशी जागच्या जागी खिळल्या. मग वही ओढून एकेक अक्षर लावत त्यांनी लिहिलं, 'ही एट हिज सूप हिमसेल्फ.'

शुक्रवारी ती नोंद वाचून डॉक्टरबाईंच्या भुवया चढल्या. "हात कुणी धरला नव्हता? नक्की?"

"देवाशपथ बाई, मी खिडकीपाशी होते."

"मग मला बघू दे."

वाटी ठेवली. काकांचा हात हलेना. बावीस वर्षांच्या सवयीने मावशींचा हात पुढे गेला; त्यांनी तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी घट्ट गुंफले. मनात नामस्मरण चालू.

"थांबा हो," उशाशी बसलेल्या काकू पुटपुटल्या, "गाडी चढावर आहे."

एक बोट हललं. मग दुसरं. चमचा थरथरत उचलला गेला, मध्येच थांबला, पुन्हा निघाला. सिस्टरचं औषध वाटायचं राहिलं, शेजारचा पेशंट कोपरावर उठून बसला. हजारोंना घास भरवलेल्या मावशींनी घास तोंडापर्यंत जातो कसा, हे जणू पहिल्यांदाच पाहिलं.

चमचा ओठांना लागला. काकांनी तो पुन्हा वाटीत बुडवला, कुणी सांगितलं नसताना. तिकडे डॉक्टरबाई पेन काढून घरी सोडायचा कागद भरू लागल्या.