मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या वायरी

आमच्या आबाच्या संशयाला कधी सुट्टी नव्हती. गवळ्यानं दूध पातळ घातलं तर कुणीबी ओरडंल, पर आबा दूध घट्ट आलं तरी कपाळाला आठ्या घालायचा. "आज का रं एवढं घट्ट? मग काल काय घालत व्हतास?" गवळी बिचारा हात जोडायचा. आमची राहीवहिनी चुलीपासनं म्हणायची, "आवं, चांगलं आलंय तर गुमान प्या की!" पर आबाच्या घशाखाली ते दूध सरळ उतरायचं न्हाई.

आबा म्हणजे हंबीरराव, माझा थोरला सख्खा भाऊ. मी विजयमाला, त्याच्या पाठची. फौजेत सिग्नलमध्ये वायरी वढण्यात त्याची सगळी जवानी गेली. पेन्शनीवर आला आन सांगलीत विश्रामबागेला राहत्या घराच्या पुढंच मोटारीच्या वायरिंगचं दुकान टाकलं. आई-बाप आमचं गेल्यालं, त्यामुळं माझं म्हायेर म्हणजे आबाचंच घर. पंचमीला मुराळी म्हणून त्योच मला न्यायला यायचा. आन तोंडानं कितीबी कडू असला तरी बहिणीवर जीव व्हता, ह्ये मी आजबी सांगते.

माझं मालक लोणंदचं. मोटारीच्या सीटा शिवायचं काम करायचं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, पर तुमाला कळावं म्हणून एकदाच घेते, जोतीराम. आबानंच त्यांना सांगलीला बोलवून घेतलं, आमी दोघांनी तिथंच जवळ बिऱ्हाड केलं. म्हणला, "पाव्हणं, मी वायर टाकीन, तुमी वरनं मॅट आन सीट बसवा. बाहेरच्या माणसाचा भरोसा न्हाई, घरातला माणूस बरा." घरातला माणूस बरा! त्याच्याच तोंडचं वाक्य हाय ह्ये.

माझा नवरा म्हणजे गरीब गाय. गाडीत एकटाच शिरायचा, सीट उचलायचा, तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत दिवसभर दाभण चालवायचा. गाडीत कुणाचं घड्याळ सापडलं, बाईचं कानातलं सापडलं, की संध्याकाळी गाडीवाल्याच्या हातावर ठेवायचा. संशय म्हणजे काय ते त्या माणसाला ठावंच नव्हतं.

आणीबाणी उठली त्याच्या म्होरल्या सालातली गोष्ट. सांगलीत चार पैसे असणाऱ्यांना मोटारीत टेप बसवायचं याड लागलं. विश्रामबागेतल्याच चिंतामणराव वकिलांनी आपली अँबॅसिडर आमच्या दारात लावली. त्यांना नाट्यसंगीताचा लय नाद. टेप पुढं बसवायचा, आवाज मोठा करायचा डबा मागं डिकीत, असं ठरलं. म्हणजे पुढनं मागं दोन वायरी न्यायच्या. एक जाड, त्या डब्याला बॅटरीचा करंट देणारी. दुसरी बारीक, टेपातलं गाणं डब्यापतूर नेणारी.

आबानं वायरी जोडल्या आन बघायला म्हणून गाडी चालू केली. तवा जाड वायर खाली पडलेली, बारीक वायर सीटावरनं कशीबशी टाकलेली. गाणं असं स्वच्छ आलं की राहीवहिनी भाकरी टाकून दारात आली. आबा खूश. मग त्यानं काम पक्कं केलं, मालकांनी वरनं मॅट अंथरलं, सीट ठोकून बसवली आन वकील गाडी घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी वकील परत दारात. "हंबीरराव, मी गाणं मागितलं होतं, तुम्ही गाडीत डास सोडलात!" खरंच की. गाडी उभी असली की काय न्हाई, पर इंजिन चालू केलं की गाण्यामागं बारीक कुईंऽऽ. गाडी जशी पळवावी तशी ती कुई वर चढायची, पाय काढला की खाली यायची. तार सप्तकातली तान आली की दोघांची जुंपायचीच. वकील म्हणलं, "गवयाच्या मागं कुणीतरी मांजर धरून बसलंय असं वाटतं हो."

आबानं आवाज मरावा म्हणून डायनामोला कंडेन्सर लावला. अर्थिंग खरडून परत आवळलं. टेप काढून दुसरा लावला. सगळं उकलून, वायरी मोकळ्या टाकून बघितलं तर गाणं स्वच्छ, आन परत काम पक्कं करून, मॅट बसवून गाडी भाईर काढली की कुई हजर. त्याच आठवड्यात एका द्राक्षबागायतदाराच्या गाडीची तीच तऱ्हा, मग एका डॉक्टरच्या गाडीची तीच.

झालं! आबाच्या डोक्यात चक्र सुरू. माझ्या हातात गाडी असती तवर आवाज न्हाई. पाव्हण्यांच्या हाताखालनं गेली की आवाज. मग मधी हाय कोण?

त्यानं एकदम काय म्हणलं न्हाई. आधी नुसता बघायला लागला. मालक गाडीत शिरलं की ह्यो दुकानातनं मान लांब करायचा. मालक पाणी प्यायला उठलं की ह्यो जाऊन मॅट उचलून बघायचा. जेवताना मला इचारायचा, "माले, पाव्हण्यांचं अलीकडं कुणाकडं येणंजाणं हाय गं?" स्टेशनाकडं टेप बसवणाऱ्या एका गॅरेजवाल्यासंगं मालकांना च्या पिताना त्यानं बघितलं व्हतं. मालक तिथं जुन्या सीटातल्या स्प्रिंगा घ्यायला गेलं व्हतं, ह्ये मी शपथेवर सांगितलं. आबा म्हणला, "स्प्रिंगा दुकानात मिळत न्हाईत व्हय? च्या पाजून स्प्रिंगा इकणारा माणूस मी तरी बघितला न्हाई."

माझ्या अंगाची लाही व्हायची. घरी येऊन मालकांना सांगावं तर ते हसायचं. "जाऊ दे गं, फौजी माणूस. पहारा द्यायची सवय जाती व्हय लगीच?"

मग एक दिवस वकील, त्यांचा ड्रायव्हर गुंडा आन दोन गिऱ्हाइकं उभी असताना आबानं तोंड उघडलं. "पाव्हणं, माझ्या वायरीला दाभण टोचायला तुमाला त्या गॅरेजवाल्यानं काय कबूल केलंय?"

मालकांना आधी कळलंच न्हाई. ते हसत म्हणलं, "काय म्हणता आबा?"

"कळतंय मला सगळं. मॅट टाकताना वायर फोडता तुमी. माझं नाव खराब करायचं आन दुकान त्याच्या घशात घालायचं!"

मी तिथंच सीटाचं कापड बेतत बसले व्हते. हातातली कात्री तशीच राहिली. माझ्या नवऱ्याच्या तोंडावरचं हसू गेलं ते मी डोळ्यानं बघितलं. त्यांनी दाभण खाली ठेवलं, गुंडाकडं बघितलं, वकिलांकडं बघितलं. सगळी खाली बघत व्हती. एकबी म्हणला न्हाई, हंबीरराव, काय बोलताय? त्याच संध्याकाळी आमी लोणंदची गाडी धरली.

लोणंदला गेलो पर बदनामी आमच्या आधी पोचलेली. मोटारीचं ड्रायव्हर लोक म्हणजे चालतं-बोलतं वर्तमानपत्र. साताऱ्याच्या एका टॅक्सीवाल्यानं मालकांना तोंडावर इचारलं, "सांगलीला वायरी टोचणारा तूच का रं?" काम यायचं बंद झालं. बाजारातल्या कांद्याची पोती शिवायची पाळी आली त्या हातांवर. पोती शिवण्यात कमीपणा न्हाई, पर माझ्या नवऱ्याचं गाणं बंद झालं, ते मला लय लागलं. आन ते करणारा कोण, तर माझाच भाऊ. आपलेच दात, आपलेच ओठ. शिव्या तरी कुणाच्या नावानं घालू?

पंचमी आली. आळीतल्या पोरी म्हायेराला गेल्या. मी दारात बसून रस्ता बघितला. मुराळी काय आला न्हाई. राहीवहिनीचा निरोप तेवढा आला, "तुमी एकट्या या वन्सं, ह्यांचं तुमच्यावर काय न्हाई." एकट्या या! म्हणजे नवऱ्याला चोर ठरवून मी तिथं झिम्मा खेळायचा व्हय? डोकं तापलं माझं. पिशवी उचलली आन मालकांना म्हणले, "मी जाते सांगलीला. पर सणाला न्हाई, भांडायला."

दुकानाशी पोचले तर दारात वकिलांचीच अँबॅसिडर. सीटा भाईर, मॅट भाईर, आबा आत. मालक गेल्यावर मॅट त्यानं स्वतः अंथरलं व्हतं, तरी कुई हटली नव्हती! मग तर संशयाला जागाच नको व्हती की न्हाई? पर आबा कसला ऐकतोय. राहीवहिनीनं मला हळूच सांगितलं, "म्हणत्यात, पाव्हण्यांनी जाता जाता वायरीचं भेंडोळंच बिघडवून ठेवलं. मिरजेवरनं नवीन वायर आणलीया." मला हसावं का रडावं कळंना.

मी सरळ गाडीत शिरले आन उघड्या पत्र्यावर मांडी घातली.

"भाईर हो माले, काम चाललंय."

"न्हाई हुत. माझा नवरा लोणंदला, मॅट तिथं भाईर, दाभण हितं कुणाकडं न्हाई. आता तू काम कर आन मी बघते तुझा चोर कुठनं येतोय ते. गुंडादा, इंजिन चालू कर. टेप लाव. मी सांगंपतूर बंद करायचं न्हाई!"

गुंडानं आबाकडं बघितलं. आबा दातओठ खात म्हणला, "कर. हिचं बी समाधान हू दे."

गाणं सुरू झालं. इंजिन घरघरतंय, पर गाणं स्वच्छ. आबानं त्याचं काम पक्कं करायला घेतलं. म्हणजे काय, तर जाड वायर आन बारीक वायर शेजारी शेजारी धरायच्या, आन मेण चोळलेल्या दोऱ्यानं बोटभर अंतरावर गाठ, परत बोटभर अंतरावर गाठ. एकसारख्या, वेणी घातल्यागत. फौजेत त्याला तसंच शिकवलं व्हतं. लोंबणारी वायर म्हणजे त्याच्या लेखी पापच. ह्यो दोरा बांधताना आजवर इंजिन बंद असायचं, कारण गाडीत वाकून बसायचं तर धूर नाकात जातो. आज माझ्यामुळं चालू व्हतं.

पुढच्या सीटापतूर गाठी आल्या आन मला बारीकशी कुई ऐकू आली. मी आबाकडं बघितलं. त्यानं आणखी गाठी मारल्या. कुई वाढली. मागच्या सीटापतूर आला तवा गुंडानंच मान वळवली. "हंबीरराव, आलं की वो ते!"

आबाचा हात थांबला. त्यानं पेचकसाचं टोक घालून गाठी सोडल्या, बारीक वायर उचलून दुसऱ्या दाराकडं धरली. कुई गेली. परत जाड वायरीशेजारी आणली. कुई आली. परत उचलली. असं किती येळा केलं कुणास ठाऊक. बॅटरीच्या वायरीतली घरघर गाण्याच्या वायरीत शिरत व्हती, आन त्या दोघींना गळ्यात गळा घालून बांधणारा आमचा आबाच.

"बघितलास चोर?" मी ओरडले. मला रडू फुटलं. "दोरा तुझा, गाठ तुझी, आन फाशी माझ्या नवऱ्याला! पोती शिवतोय रं त्यो तिकडं!"

मला वाटलं, आता ह्यो म्हणंल, तुला ह्ये कुणी शिकवून पाठवलं? नजर तशीच फिरली व्हती त्याची माझ्यावर. पर त्यो गाडीतनं उतरला, पायरीवर बसला. म्हणला, "फौजेत एक गाठ सैल दिसली की पाठीवर वजन घेऊन पळवायचं गं. गाठीत खोट असंल असं मनातच आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आबा माझ्यासंगं लोणंदला आला. पंचमी उलटून गेल्यावर, बहिणीला पोचवायला आलेला असला मुराळी कुणी बघितला न्हाई. त्यानं चप्पल दाराभाईर काढली आन बसायच्या आधीच म्हणला, "पाव्हणं, चूक माझी व्हती. वायरी मीच चुकीच्या बांधल्या. चार माणसांत बोललो, चार माणसांत माघारी घेतो. चला सांगलीला." आन खरंच घेतलं त्यानं. वकिलांसमोर, गुंडासमोर, स्टेशनाकडल्या त्या गॅरेजवाल्याच्या दारात सुदिक जाऊन सांगून आला. आबासारख्या माणसाला ते किती जड गेलं असंल, मला ठावं हाय.

मालक आलं परत. एका शब्दानं आबाला टोचलं न्हाई. मी मनात म्हणले, सुटलं बाई माझं म्हायेर.

पहिलीच गाडी डॉक्टरची. आबानं जाड वायर एका दाराकडनं नेली, बारीक दुसऱ्या दाराकडनं, आन मालकांना हाक मारली. मालक गाडीपाशी आलं, पर आत शिरंनात. त्यांनी डॉक्टरच्या माणसाला बोलवून शेजारच्या सीटावर बसवलं. म्हणलं, "माझ्या हाताकडं बघत बस गड्या." काम झालं तसं त्यांनी आपली हत्याराची पिशवी आबाच्या पायापाशी उलटी केली, सदऱ्याचं खिसं भाईर काढलं आन उभं राहिलं.

आबाचं तोंड पांढरं पडलं. "पाव्हणं, नगा वो असं करू. मी पाया पडतो तुमच्या. माझ्या मनात आता काय बी न्हाई."

"राग न्हाई आबा, देवाशपथ न्हाई," मालक म्हणलं. "पर उद्या परत आवाज आला तर?"

आबा खाली वाकून पिशवी भरायला लागला. एकेक सुई उचलायचा, पुसायचा, आत ठेवायचा. मी दारात उभी व्हते. माझ्या नवऱ्यानं खिसं आत घातलं नव्हतं, ते तसंच लोंबत व्हतं.