विहीणबाईंचं वाळवण

शेवंताकाकू भेटल्या की नमस्कार-बिमस्कार काही करायच्या नाहीत. आधी तुमच्या सदऱ्याची कॉलर दोन बोटांत धरून चोळायच्या. "ओला हाय. काढ, टाक गच्चीवर." मग तब्येतीची चौकशी. आमच्या रखरखीत उन्हाच्या मुकुंदवाडीत त्यांची नि आमची गच्ची एका भिंतीची, त्यामुळं माझं बनियनसुद्धा या तपासणीतून सुटलं नाही. कचेरीत चार माणसं मला साहेब म्हणायची, पण काकूंसमोर मी कितीदा तरी उघडाबंब उभा राहिलोय.

काकू मुळातल्या अशा नव्हत्या. हा रोग लेकीच्या लग्नानंतर लागला. एकुलती एक मंदा त्यांनी दिली रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी समुद्राच्या काठाला. काका आधीच वारलेले, त्यामुळं घरात काकू एकट्या. पहिल्यांदा लेकीकडं गेल्या त्या दोन डबे पापड घेऊन, आणि आठवड्यात तणतणत परत आल्या.

"काकू, समुद्र कसा आहे?" मी विचारलं.

"कशाचा समुद्र घिऊन बसला! पापड मेणचट झाले माझे. लाटलेले पापड भाजले, तर रबरासारखे ताणले."

"पण हवा छान असते म्हणतात. फार ऊन नाही, फार थंडी नाही."

"व्हय, समदा जिल्हाच कोमट हाय. आंघोळीचं पाणी कोमट बरं, सुधाकरा. जिल्हा कोमट नको."

मंदाच्या सासूबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, सांगून पाहिलं होतं म्हणे की आमच्याकडंही वैशाखात ऊन असतं हो. त्यावर काकू म्हणाल्या, "असंल. पण तुमचं ऊन वलं असतं."

पुढं काकूंनी हे काम अंगावरच घेतलं. जातील तेव्हा तिथलं काहीतरी आणायचं, आपल्या गच्चीवर खडखडीत वाळवायचं आणि परत पोचवायचं. आधी गाद्या-उशा आल्या. मग जावयाच्या बुरसलेल्या चपला आल्या. एकदा तर एसटीच्या टपावरून लाकडी देव्हारा उतरला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, देव कुठल्या यात्रेला निघाले?" काकू म्हणाल्या, "यात्रा कसली? वाळाया चाललेत." देव दोन दिवस आमच्या कुरडयांशेजारी बसून होते.

हसायचो आम्ही, पण काकूंचं दुखणं वेगळंच होतं. मंदा काही माहेरी येत नव्हती. विहीणबाईंचे गुडघे धरलेले, उठून तांब्याभर पाणी घेता येत नव्हतं. सून हलणार कशी? पंचमी गेली, दिवाळी गेली. दर सणाला काकू फाटकाशी उभ्या राहायच्या आणि रिक्षा दुसऱ्याच दारात थांबायची.

"लेकीचा पाय उंबऱ्याला लागंना रे," एकदा त्या माझ्यासमोर रडल्या. "घर खायला उठतं." मग पदरानं डोळे पुसले, पदर चिमटीत धरून पाहिला आणि एकदम म्हणाल्या, "गुडघे बी वलीनंच धरले असतील की!"

माघात त्या विहीणबाईंनाच घेऊन आल्या.

मी आणि रिक्षावाल्यानं त्या माऊलीला खुर्चीसकट गच्चीवर चढवलं. एका बाजूला पापड, एका बाजूला शेवया, मधे बाजेवर विहीणबाई. कावळे हाकलायला हातात काठी. कुरडया उलटायची वेळ झाली की काकू त्यांनाही कूस बदलायला लावायच्या.

"अगो बाय, जीव घ्याल माझा!"

"उनानं जीव नाय जात, विहीणबाई. वल जाती."

आता हसा नाहीतर रडा, पण गुण आला. होळीला विहीणबाई स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या. पाडव्याला तर एकट्या रिक्षानं औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन पातळ घेऊन आल्या. काकूंनी पेढे वाटले. म्हणाल्या, "चला, आता जावा तुमच्या घरी आन माझी लेक धाडा."

"मी नाही जायची," विहीणबाई म्हणाल्या. "तिथे गेले की पुन्हा धरतील गुडघे. मला इथेच बरं आहे."

झालं! आता मंदाला तर अजिबातच निघता येईना. दोन गाई, पोराची शाळा, नवऱ्याचं जेवण, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. लेक मागितली होती, पदरात सासू पडली. त्यात विहीणबाईंनी गच्चीवर सुकट पसरली. मुकुंदवाडीतली यच्चयावत मांजरं आमच्या भिंतीवर. वर्षभर दोघी इतक्या भांडल्या की मला सुट्टीच्या दिवशी कचेरी बरी वाटायची.

एके सकाळी काकू पिशवी भरून फाटकात उभ्या. किल्ली विहीणबाईंच्या हातात दिली. "पापड दुपारी उलटत जा. सुकट खालच्या दोरीला. माझी लेक माहेराला येईना, तर माहेरानंच जावं तिच्याकडं."

"काकू, तिथं ओल आहे," मी म्हणालो.

"असू दे. लेक हाय तिथं. बुरसंन थोडी."

त्या परत आल्या नाहीत. फोनवर त्या हवेला शिव्या मात्र भरपूर घालायच्या आणि मागून मंदाचं हसणं ऐकू यायचं. काही वर्षांनी, पावसाळा सरता सरता, तिथंच त्यांनी डोळे मिटले.

दसऱ्याच्या सुमारास दारात रिक्षा थांबली आणि या खेपेला ती काकूंच्याच दारात थांबली. घर नवऱ्यावर नि आता मोठ्या झालेल्या पोरावर सोपवून मंदा उतरली. काखेत आईची गोधडी.

कठड्याला हात न लावता विहीणबाई जिना उतरल्या. हातात भाकरीचा तुकडा होता. काकू करत्या तसा त्यांनी तो सुनेवरून ओवाळून टाकला. मंदा गळ्यात पडून रडली, त्याही रडल्या. मग त्यांनी गोधडीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं.

"ओली हाय गो," त्या म्हणाल्या. "चल, टाकू गच्चीवर."

आम्ही तिघांनी मिळून ती उन्हात पसरली. दुपारी विहीणबाईंनी ती उलटली.